अर्धी गोष्ट शेजारच्या घरी

दसरा-दिवाळी झाली की बालाघाटच्या डोंगरातली गावं रिकामी होतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर, केज, सगळीकडून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून कोयते निघतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या कारखान्यांवर नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपेपर्यंत, परत येणं नाही. बीड जिल्ह्यातल्या अशा गावांत मधले पाच-सहा महिने राहतात ती म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्याकडे हंगामी वसतिगृह चालतं. लेकरांचं जेवण शाळेत, झोपायला आजी-आजोबांकडे.

या महिन्यांत मी वरच्या वर्गातल्या मुलांना एक काम देते. घरात ऐकलेली एक गोष्ट घ्यायची, म्हणजे आजोबांची, पणजीची, कुणाचीही, आणि ती गावातल्या दुसऱ्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला जाऊन सांगायची. प्रश्न विचारत सुटायचं नाही. आधी आपलं सांगायचं, मग ते काय म्हणतात ते ऐकून यायचं.

माझ्या मोठ्या चुलत्यांना हे मान्य नाही. घरात सगळे त्यांना बप्पा म्हणतात. सारी नोकरी तलाठी म्हणून झाली, आता ऐंशीच्या जवळ आलेत. दिवाळीपासून आमचं यावर बोलणं चालू आहे. बहुतेक वेळा संध्याकाळी, वाड्याच्या ढाळजेत. त्यांचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही, म्हणून ते जसंच्या तसं मांडते.

बप्पा : कामून करायलीस हे? घरातलं घरात राहू दे ना, माय. लेकरू काय बोलतं, कुणापुढं बोलतं, त्याला कळतं का? मी वारसाच्या नोंदी लावल्यात. माणूस सज्जात आला की कागद काढायच्या आधी गोष्ट काढायचा. ‘आमच्या आजोबांनी तोंडी वाटणी केली होती.’ एकाचा आजोबा विहिरीपासून वरचं रान देतो, दुसऱ्याचा खालचं. दोन्ही गोष्टी आपापल्या घरात खऱ्या. बाहेर आल्या की डोकी फुटतात.

मी : दोन पिढ्या त्या गोष्टी एकमेकांच्या कानावरच पडल्या नाहीत, म्हणून फुटतात. घरात कुणी खोडून काढत नाही, त्यामुळं गोष्ट दरवर्षी जरा जास्त आपल्या बाजूची होत जाते.

बप्पा : आणि शेजारी खोडून काढील? शेजाऱ्याला आपली बाजू नसते?

मी : असते. पण तो स्वतःची बाजू घेऊन आपल्याच गोष्टीत उभा होता. मागच्या हंगामातलं सांगते. पाचवीतल्या एका मुलीच्या घरी सांगतात की, बहात्तरच्या दुष्काळात तिची पणजी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायची आणि मुकादमाशी भांडून पुरी हजेरी घ्यायची. मोठी खमकी बाई. मुलीनं ही गोष्ट वेशीजवळच्या म्हातारीला नेऊन सांगितली. म्हातारी म्हणाली, ‘भांडायची खरी, पण माझ्यासाठी. माझं पोर अंगावर पीत होतं, माझी खडी मापात कमी भरायची. तुझी पणजी आपल्या ढिगातली पाटी उचलून माझ्या ढिगात टाकायची आणि वरून मुकादमाला म्हणायची, नीट मोज.’ बप्पा, हे त्या घरात कुणालाही माहीत नव्हतं. पणजीनं कधी सांगितलंच नाही. ते घेणारीजवळ राहिलं होतं.

बप्पा : चांगलं निघालं म्हणून तू खुशीत आहेस. बहात्तर साल मी पाहिलंय. लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्यात. सुकडीसाठी पोरांची रांग लागायची, ती पाहिलीय. कामाच्या मस्टरवर खरी नावं होती, तशी कामावर कधी न आलेल्या माणसांचीही होती. ज्यांनी ती चढवली त्यांची नातवंडं तुझ्याच शाळेत आहेत. उद्या एखादं लेकरू म्हाताऱ्यापाशी जाऊन सांगेल, ‘आमचे आजोबा दुष्काळात कामावर मुकादम होते.’ म्हातारा काय म्हणेल?

मी : तो काही म्हणेल किंवा गप्प बसेल. कुठं गप्प बसायचं ते म्हाताऱ्या माणसांना चांगलं कळतं.

बप्पा : सगळ्यांना नाही.

हे त्यांचं खरं आहे. पण मला त्या मस्टरपेक्षा त्या पाटीभर खडीची काळजी जास्त वाटते. खोट्या नावांचा कागद कुठल्या तरी कपाटात निघेलही. पाटीची नोंद कुठल्याच मस्टरवर नाही, ती एका म्हातारीपाशी होती. रोजगार हमीचा कायदा १९७७चा. तो कसा आला हे आम्ही पुस्तकातून शिकवतो. त्याआधीच्या कामांवर माणसं एकमेकांना कशी धरून राहिली, हे पुस्तकात कुठून येणार? दुष्काळानंतर कोयता घेऊन कारखान्याची वाट धरणारी घरं वाढत गेली. त्या घरांची नातवंडं आज माझ्या वर्गात बसतात, आई-बाप सांगली-कोल्हापूरकडे झोपडीवजा कोपीत राहतात. संध्याकाळी या लेकराला गावात आपलं म्हणायला कुणी तरी लागतं. वेशीजवळची ती म्हातारी आता त्या मुलीची झाली आहे. मुलगी शाळेतून येता-जाता तिथं थांबते.

बप्पांचा पुढचा मुद्दा लिहिण्याचा होता.

बप्पा : मुलं वहीत उतरवून ठेवतात म्हणे.

मी : हो.

बप्पा : ते तरी बंद कर. सांगितलेली गोष्ट उद्या दुरुस्त होते. लिहिलेली होत नाही. एक नाव फेरफारात चुकीचं चढलं तर माणूस तहसील, प्रांत, कलेक्टर करत म्हातारा होतो. मी पाहिलेत असे.

मी : आणि लिहिलं नाही तर? अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे ना? जवळपास चाळीस फुटांचं कापड, त्यावर पंचीकरण लिहिलेलं. चारशे वर्षं टिकलं ते लिहिलं म्हणूनच.

बप्पा : दासोपंतांनी ब्रह्म लिहिलं, बांधाचं भांडण नाही.

त्यांच्या बोलण्यातून मी एक गोष्ट उचलली. मुलांच्या वहीत आता डावं पान कोरं असतं. उजवीकडे घरातली गोष्ट, डावीकडे ज्यांना सांगितली त्यांचं म्हणणं. आणखी कुणी वेगळं सांगितलं तर तेही डावीकडेच. उजवीकडचं खोडायचं नाही. तलाठी माणसाला हे पटायला हवं होतं, पण त्यांनी नुसती मान हलवली. पुढं जे बोलले ते मला जास्त लागलं.

बप्पा : तू ज्या काळात हे करायलीस तो काळ बघ. २०२३च्या सप्टेंबरात मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली. निजामकाळातले उर्दू कागद, मोडी कागद बाहेर निघाले. कुणबी नोंदी शोधायला माणसं माझ्यापाशीसुद्धा आली. जो येईल तो आजोबांची गोष्ट घेऊन. आणि ती मला खासऱ्यात, जुन्या जमीन-नोंदीत, सापडलीच पाहिजे असं त्याचं म्हणणं. एकाला सापडली, त्याच्या भावकीतल्या दुसऱ्याला नाही. ज्यांना आरक्षण आधीपासून आहे त्यांच्या मनात आणखी वेगळं. आज गावात कुणाच्याही आजोबाचं नाव निघालं की आधी जात विचारतात, मग गोष्ट ऐकतात. माणसं चहाचं दुकान बदलायला लागलीत. अशात लेकरांना घरोघर आजोबा घेऊन पाठवतेस?

मी : त्याच्यासाठीच पाठवते. आणि दुसऱ्या वस्तीवर पाठवते.

बप्पा : म्हणजे?

मी : वडार वस्तीवरचा सहावीतला मुलगा आहे. त्याच्या घरची गोष्ट अशी की त्याच्या पणज्यानं या शिवारातल्या कितीतरी विहिरी फोडल्या. मी त्याला मळ्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे पाठवलं. त्या शेतकऱ्यानं त्याला आपल्या विहिरीवर नेलं. काळा पाषाण कुठं लागला, सुरुंग कुठं लावला, पाण्याचा झरा कुठल्या बाजूनं फुटला, सगळं दाखवलं. पोरगं दोन तास तिथं होतं.

बप्पा : विहीर फोडायचे पैसे दिले होते का, ते विचारलं का त्यानं?

मी : विचारलं. मी सांगितलं नव्हतं, त्यानंच विचारलं. म्हातारा म्हणाला, ‘ज्वारी दिली. पैसे राहिले.’

बप्पा : (बराच वेळ काही बोलले नाहीत.) लेकराच्या तोंडावर म्हणाला?

मी : हो. पोरानं घरी जाऊन सांगितलं तेव्हा घरच्यांना त्याचं नवल वाटलं नाही. पैसे राहिल्याचं त्यांना माहीतच होतं. त्या शेतकऱ्याच्या घरालाही ते आठवतंय, हे मात्र त्यांना तेव्हा कळलं.

बप्पा : आणि कळून काय मिळालं? पैसे?

मी : पैसे नाही. पण मुलाचा बाप कारखान्यावरून फोनवर मला म्हणाला की, आम्हाला वाटायचं आम्हीच कुढत बसलोय.

मला हे पुरेसं वाटत नाही, हेही इथं सांगून टाकते. राहिलेले पैसे राहिलेलेच आहेत. तरी विहिरीच्या काठावर ते कबूल करणारा माणूस आणि ते ऐकणारं लेकरू, हे गावात याआधी झालेलं नव्हतं. जात विचारून मग गोष्ट ऐकणाऱ्या काळात हे झालं, म्हणून माझ्या लेखी त्याचं मोल जास्त.

बायकांच्या गोष्टींवर आलो तेव्हा बप्पांचा आवाज खाली गेला.

बप्पा : बायकांनी पहिल्यापासून जात्याला सांगितलं. बाहेर नाही सांगितलं.

मी : जात्यापाशी दुसरी बाई बसलेली असायची, बप्पा. एकटीनं दळायला बसणं कमीच. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्याच्या आपल्या संस्थेमार्फत महाराष्ट्रभर हिंडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात आपल्या जिल्ह्यातलं माजलगाव आहे. तिथल्या भीमनगरातल्या बायकांनी १९९६ मध्ये गायलेल्या ओव्या ध्वनिमुद्रित आहेत. बाबासाहेबांवरच्या, रमाईवरच्या, घरातल्या. आता त्या पारी या ग्रामीण भारताच्या संग्रहात कुणालाही ऐकता येतात. त्या बायांनी आपल्या घरचं सांगितलंच ना?

बप्पा : ओवीत भाऊ असतो, सासू असते, दारू पिणारा नवरा असतो. त्यांचं नाव गाव नसतं. म्हणून ती बाहेर गेली तरी कुणाची मान खाली जात नाही. तुझ्या वहीत नावं आहेत. उद्या एखाद्या पोरीनं आईच्या पिशवीच्या ऑपरेशनची गोष्ट नेली तर?

इथं कुणालाही थांबावंच लागेल. २०१९ मध्ये जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली. ८२ हजार ३०९ बायकांपैकी १३ हजार ८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. ऊस तोडायला जाणाऱ्या घरात पाळी, दुखणं, खाडे आणि मुकादमाची उचल यांचा हिशेब एकाच ठिकाणी येतो, आणि तो बाईच्या अंगावर फिटतो. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींच्या घरात ही गोष्ट आहे.

मी : ती गोष्ट मुलीची नाही, आईची आहे. मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगते की, जी गोष्ट आई-बापानं सोसली ती त्यांना विचारल्याशिवाय कुठंही न्यायची नाही. आई फोनवर ‘सांग’ म्हणाली तरी ही गोष्ट मुलीनं नेऊ नये असं मला वाटतं. पट्टा पडला की ती बाई गावात येईल. सांगायचं असलं तर ज्या म्हाताऱ्या बायकांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वी हेच सोसलं त्यांच्यापाशी बसून ती सांगेल. तेही घराबाहेर सांगणंच आहे, पण ते तिचं तिनं करायचं.

बप्पा : म्हणजे काही गोष्टी बाहेर जाऊ नयेत हे तुला मान्य आहे.

मी : कुणी न्यायच्या, ते ठरलेलं असावं, एवढं मान्य आहे. जाऊच नयेत, हे मान्य नाही.

बप्पा : बरं. मग मला सांग, सतरा सप्टेंबरला वर्गात काय सांगतेस?

मी : मराठवाडा मुक्तिसंग्राम. स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत होते, तिथून सुरुवात करते, कारण मुलांनी ते गाव पाहिलेलं असतं. मग निजाम, कासिम रझवी, रझाकारांचे हल्ले, नगर-सोलापूरच्या हद्दीत पळून गेलेली माणसं. १३ सप्टेंबर १९४८ला भारताच्या फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ला निजामानं शरणागती दिली.

बप्पा : आणि अठरा सप्टेंबरला?

मी : पुस्तकात तिथं धडा संपतो.

बप्पा : पुस्तकात संपतो. रझाकारांनी काय केलं ते गाव सांगतं, सांगायलाच पाहिजे, माणसं मेली, गावं जळाली. पण त्यानंतरच्या दिवसांत, ज्या मुसलमान घरांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता त्यांचं काय झालं, ते कोण सांगतं?

मी : दिल्लीनं त्याच वर्षाच्या शेवटी पंडित सुंदरलालांची समिती पाठवली होती. सगळ्या संस्थानात मिळून २७ ते ४० हजार माणसं मेली असा तिचा अंदाज होता. अहवाल पुढं कित्येक दशकं बंद राहिला. पण बप्पा, आपल्या घरात तर सांगतात. दर सतरा सप्टेंबरला सांगतात. आबांनी समोरच्या घरातल्या पाच माणसांना आपल्या धान्याच्या बळदात लपवलं, रात्री वरून भाकरी सोडल्या, कुऱ्हाडी घेऊन आलेल्यांना दारातून परत लावलं. मी लहानपणापासून ऐकत आलेय. वर्गातही सांगते.

बप्पा : ती खरी आहे. मी तेव्हा अंगावर पीत होतो, पण आईनं मला स्वतः सांगितली. तुला पुढचं सांगितलेलं नाही.

आबा म्हणजे माझे आजोबा, बप्पांचे वडील. समोरच्या घरात आज एक म्हातारी राहते. आम्ही तिला खाला म्हणतो, बप्पा आपा म्हणतात. बळदात जी पाच माणसं होती त्यातली ती एक, तेव्हा सात-आठ वर्षांची. पुढचं बप्पांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत देते.

बप्पा : नदीकाठचं काळं रान आपलं म्हणतो ना आपण? ते आपाच्या बापाचं होतं. पोलीस ॲक्शनच्या नंतरच्या सालात आबांनी घेतलं. १९५४च्या खासऱ्यात आबांचं नाव आहे, कागद चोख आहे. नोकरीत असताना मी जुनं खरेदीखत काढलं, उर्दूत होतं, एका जुन्या कारकुनाकडून वाचून घेतलं. हाली रुपयांत रक्कम आहे. त्या काळात तशा रानाला जे मिळायला पाहिजे होतं त्याच्या चौथाईसुद्धा नाही. आबा म्हणायचे, त्यांच्या घरात खायला नव्हतं, दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं, मी घेतलं म्हणून चूल पेटली. तेही खरं असेल. ज्यानं जीव धोक्यात घालून पाच माणसं वाचवली त्याला मी लुटारू म्हणणार नाही. पण मी तलाठी आहे. तो आकडा मी वाचलाय.

मी : खालाला माहीत आहे?

बप्पा : तिच्या बापाचं रान. तिला माहीत नसेल तर कुणाला?

मी : मग आपण कुणापासून लपवतोय?

बप्पा : तिच्यापासून नाही. तुझ्यापासून. तुझ्या वर्गापासून. आता कळलं, मी नको कामून म्हणतो? उद्या आपल्याच घरातलं एखादं लेकरू बळदाची गोष्ट घेऊन आपाकडे जाईल. मोठ्या अभिमानानं सांगेल. तिनं काय करायचं? पुरी सांगितली तर गाव म्हणेल, उपकार विसरली. अर्धीला मान हलवली तर आपल्या बापाशी खोटं वागली. तिच्या उतारवयात तिला तू कोंडीत धरायला निघालीस.

या सगळ्या वादात बप्पा यापेक्षा मोलाचं दुसरं काही बोलले नाहीत. गोष्ट सांगणारा मोकळा होतो, ऐकणाऱ्यावर ओझं येतं, आणि आमच्या गावांत ते ओझं बहुतेक वेळा त्याच घरांवर येतं ज्यांनी आधीच गप्प राहून पुष्कळ उचललं आहे. बळदाची गोष्ट आमच्या घरात वर्षानुवर्षं सांगितली गेली ती समोरच्या दारापासून वीस पावलांवर, तिकडच्या माणसाला कधीही न बोलावता. तरीही यावरून बप्पा जो निष्कर्ष काढतात तो मला मान्य नाही. खाला गप्प आहे म्हणजे तिला बोलायचं नाही, असं होत नाही. तिला आजवर कुणी येऊन विचारलेलंच नाही.

मी : लेकरू जाऊ नये, हे पटलं. मग कुणी जायचं?

बप्पा : कुणीच नाही.

मी : ज्यांनी आकडा वाचला त्यांनी जायला पाहिजे.

बप्पा : मी? जाऊन काय सांगू? तुझ्या बापाला आमच्या बापानं कमी पैसे दिले?

मी : हो. तेवढंच.

बप्पा : आणि तिनं रान मागितलं तर? त्या रानाचे आज चार तुकडे आहेत, चार फेरफार. एकावर सोसायटीचं कर्ज आहे. ऐकून घ्यायला गेलो, तिनं मागितलं, आणि मी ऐकून परत आलो, तर ते न जाण्यापेक्षा वाईट.

मी : मागितलं तर घरात बसून बोलावं लागेल. माझे वडील गेल्यावर वारस म्हणून माझं नाव तुम्हीच लावलंत ना सातबाऱ्यावर? मग देणं असेल ते माझंही आहे. माझ्या वाट्याचं मी बोलेन. भाऊ काय म्हणतील ते मला आज सांगता येत नाही.

बप्पा : ते काय म्हणतील ते मला सांगता येतं.

मी : मग त्यांनाही ऐकवा. त्यांनीही बळदाचीच गोष्ट ऐकलीय.

बप्पांनी त्यावर बराच वेळ घेतला. नंतर ते बोलले ते माझ्याशी कमी आणि स्वतःशी जास्त होतं, पण मी विचारत राहिले म्हणून उत्तरं देत राहिले.

बप्पा : आधी एवढंच विचारीन, यावर बोलायचं आहे का. नको म्हणाली तर विषय संपला. तूही मग तो काढायचा नाहीस.

मी : नाही काढणार.

बप्पा : आणि वर्गात बळदाची गोष्ट सांगू नकोस. तोपर्यंत.

मी : ती खोटी नाही.

बप्पा : खोटी नाही, पण तिच्याशिवाय सांगायची नाही. ती सांग म्हणाली तर तिला शाळेत बोलव, खुर्ची दे, तिच्यासमोर सांग. जिथं तिला वाटेल तिथं ती बोलेल.

मी : कधी जाता?

बप्पा : लेकं-सुना पुण्याला आहेत तिची. ईदेला सगळी येतात, घर भरतं, मग तिला बोलू देणार नाहीत, आणि तिलाही त्यांच्यापुढं बोलवणार नाही. त्याच्या आधी गेलं पाहिजे.

मी : मी येऊ सोबत?

बप्पा : नको. तू आलीस तर ती मास्तरीणबाईशी बोलेल. मला तिच्याशी बोलायचंय.